सिंधुदुर्ग जिल्हा : इतिहास-भूगोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि गाव सुटून दोन पिढ्या झालेले चाकरमानी, तिघांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. पाहुण्यांना बीचपलीकडे जिल्हा आहे हेच ठाऊक नसतं, तर आमच्या लोकांना आपल्या तालुक्यापलीकडचं फारसं माहीत नसतं. दोघांसाठी ही उत्तरं.

सिंधुदुर्ग हा किल्ला, जिल्हा की रेल्वे स्टेशन?

तिन्ही, आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. किल्ला मालवणच्या समुद्रात. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला, त्या वसाहतीचं नाव सिंधुदुर्गनगरी. कोकण रेल्वेचं सिंधुदुर्ग स्टेशन या ओरोसजवळ. किल्ला बघायला निघालेली माणसं नावावर विश्वास ठेवून तिथे उतरतात आणि बाहेर आल्यावर समुद्र शोधतात. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली, कुठेही उतरलात तरी पुढे एसटी किंवा रिक्षा करावीच लागते. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. सावंतवाडी रोड स्टेशनचीही तीच गत, ते शहरात नसून मळगावात आहे.

जिल्हा कधी झाला? त्याआधी हा भाग कुठे होता?

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून हा जिल्हा केला. त्यापूर्वी दोडामार्गच्या बाजूच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम असलं तर थेट रत्नागिरी गाठावी लागे. तेव्हाच्या रस्त्यांवर एका दिवसात जाऊन येणं होत नसे, म्हणजे मुक्काम आला आणि खर्चही.

आज तालुके आठ : देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. दोडामार्ग सर्वांत धाकटा, 1999 साली सावंतवाडीतून वेगळा झाला.

मात्र 1981 पूर्वीही हा सगळा मुलूख एकजिनसी नव्हता. किनाऱ्यावरचा मालवण, देवगड, वेंगुर्ला हा पट्टा इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि आतला मोठा भाग सावंतवाडी संस्थानात. 1812 साली कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं, तिथपासूनची ही फाळणी. संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. जुन्या जमिनींची कागदपत्रं काढायला गेलं की कुठला गाव खालसातला, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलातला, आणि कुठला संस्थानातला, हा प्रश्न अजूनही समोर येतो.

जिल्ह्याच्या सीमा कुठे कुठे लागतात?

उत्तरेला रत्नागिरी, पूर्वेला सह्याद्री आणि त्यापलीकडे कोल्हापूर, आग्नेयेला कर्नाटकातला बेळगाव जिल्हा, दक्षिणेला गोवा, पश्चिमेला अरबी समुद्र. क्षेत्रफळ साधारण 5,200 चौरस किलोमीटर, किनारा 121 किलोमीटर. उत्तरेची सीमा बरीचशी वाघोटन खाडीने आखली आहे, दक्षिणेची तेरेखोलने.

पण जिल्हा म्हणजे समुद्रकिनाराच ना?

नाही. समुद्रापासून सरळ पूर्वेला गाडी हाकलीत तर दोन-अडीच तासांत तीन वेगळे मुलूख लागतात.

पहिली किनारपट्टी : पुळण, माडांच्या बागा, खाड्या आणि त्यांच्या कडेची खाजणं. तिच्याच पाठीमागे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट कातळपठारं. हे सडे उन्हाळ्यात काळेठिक्कर आणि ओसाड दिसतात, आणि ‘इथे काही नाही’ म्हणून लोक काच वर करून पुढे जातात. पावसाळा सुरू झाला की याच कातळावर रानफुलांचे गालिचे येतात. मग दुसरा मुलूख, नद्यांच्या काठची भातशेती, कुडाळ-कणकवलीचा सखल पट्टा, ज्यातून महामार्ग आणि रेल्वे जाते. आणि शेवटी सह्याद्रीची पायथळ, दाट जंगलाची, जिथून घाट वर चढतात : करूळ आणि भुईबावडा गगनबावड्याकडे, फोंडा राधानगरीकडे, आंबोली आजरा-बेळगावकडे, तिलारी चंदगडकडे.

या तिन्ही पट्ट्यांचे प्रश्न एकमेकांशी जुळत नाहीत. देवबागच्या माणसाची झोप समुद्राने किनारा खाल्ला म्हणून उडते. दोडामार्गच्या माणसाची झोप रात्री बागेत हत्ती शिरला म्हणून उडते. 2002 पासून कर्नाटकातून रानटी हत्ती तिलारीच्या खोऱ्यात यायला लागले. केळी, माड, सुपारी यांची एका रात्रीत होणारी नासाडी पाहिली की हत्तीबद्दलचं कौतुक जरा वेगळ्या सुरात ऐकू येतं. त्याच खोऱ्यातलं जवळपास 30 चौरस किलोमीटरचं जंगल 2020 मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

एवढा पाऊस पडतो, तरी मे महिन्यात टँकर का?

बाहेरच्यांना हा प्रश्न गमतीचा वाटतो. आम्हाला दरवर्षी घाम फोडतो.

किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आंबोलीत सात हजारांच्या वर. पण हा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतर इतकं कमी, उतार इतका तीव्र, की डोंगरावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. गड, कर्ली, तेरेखोल या नद्यांना पूर येतो तो अचानक आणि ओसरतोही तसाच झटपट. बांद्याच्या बाजारपेठेत तेरेखोलचं पाणी शिरतं तेव्हा व्यापाऱ्यांना माल वर चढवायलासुद्धा सवड मिळत नाही.

दुसरं कारण जांभा. हा दगड सच्छिद्र. पाणी पितो खरा, पण धरून ठेवत नाही. पाझरून खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि तिथून झऱ्यावाटे बाहेर पडतं. म्हणून सड्यावरची विहीर जानेवारीनंतर तळ गाठते, आणि सड्याच्या कुशीतल्या वाडीत मात्र झरा वाहत असतो. जुन्या लोकांनी घरं सड्यावर न बांधता कुशीत बांधली ती यासाठीच. आता सड्यावर प्लॉट पाडून बंगले विकले जातात. घेणाऱ्याने समुद्र किती दिसतो हे विचारण्याआधी पाणी कुठून येतं हे विचारावं.

साठवणीची जुनी उत्तम उदाहरणं आहेत. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला मानला जातो. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पाऊस संपल्यावर गावोगाव ओढ्यांवर माती-दगडांचे कच्चे बंधारे घालायची पद्धतही जुनी. ज्या गावात माणसं उरली आहेत तिथे ते अजून घातले जातात.

आंबोलीचं पाणी कुठे जातं?

दोन समुद्रांना. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला वाहत आजरा, गडहिंग्लजवरून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिथून थोड्या अंतरावर कड्यावरून कोसळणारं पाणी पश्चिमेला येऊन अरबी समुद्राला मिळतं. उगमाच्या देवस्थानाजवळच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली. तिला नदीचंच नाव दिलं गेलं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. ही कुंडाएवढी जागा, धबधब्याखाली भिजायला येणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना माहीत आहे.

इथला सर्वांत जुना इतिहास कोणता?

माणसाच्या खुणांचा विचार केला तर सड्यांवरची कातळशिल्पं. जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेली माणसं, प्राणी, मासे आणि काही अशा चौकोनी नक्ष्या ज्यांचा अर्थ आज कोणालाच लावता येत नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं रत्नागिरी आणि गोव्यातल्या जागांबरोबर 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गावकरी त्या सड्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, अभ्यासक नंतर आले.

लेखी पुराव्यात खारेपाटणचा ताम्रपट महत्त्वाचा. 1008 सालचा, शिलाहार राजा रट्टराजाचा. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आपल्याला त्यातून कळते. आज हायवेवरून जाताना खारेपाटण हे चहाला थांबायचं गाव वाटतं, पण तेव्हा वाघोटन खाडीतून गलबतं इथपर्यंत येत आणि माल घाटावर चढे. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचं बंदरपण संपलं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच जुन्या बंदरांची कहाणी हीच.

सिंधुदुर्ग किल्ला नेमका कशासाठी बांधला?

जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्यात डचांची वखार. समुद्रावर स्वतःचं भक्कम ठाणं नसेल तर किनारा आपला असून नसल्यासारखा, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं. मालवणसमोरच्या कुरटे बेटाभोवती बुडीत खडकांचं जाळं आहे. वाट माहीत नसलेलं जहाज तिथे फुटतं, माहीतगार कोळ्याची होडी सहज आत येते. जागा निवडली ती या खडकांसाठी. किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन 25 नोव्हेंबर 1664 रोजी कामाला मुहूर्त लागला.

तट वेडावाकडा, बेटाच्या कडेकडेने गेलेला, लांबी सुमारे तीन किलोमीटर. दरवाजा असा वळणात दडवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. खाऱ्या पाण्याच्या मधोमध तीन गोड्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवाजी महाराजांचं मंदिरही आत आहे. तिथली मूर्ती नेहमीच्या चित्रातल्यासारखी नाही. दाढी नाही, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवले जातात, त्यांवर घुमट्या आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. जुलैत येऊन धक्क्यावर होडीवाल्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

विजयदुर्ग त्याहून जुना का?

हो. मूळ किल्ला शिलाहार भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो. जुनं नाव घेरिया. आदिलशाहीकडून तो स्वराज्यात आला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं झाला. इंग्रज, डच, पोर्तुगीज सगळ्यांनी त्यावर डोकं आपटलं. तो पडला तो फेब्रुवारी 1756 मध्ये, आणि तेही पेशवे आणि इंग्रज एकत्र आले तेव्हा. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. काही महिन्यांनी बाणकोटच्या बदल्यात इंग्रजांनी किल्ला पेशव्यांना दिला. तुळाजीचं वागणं कसंही असो, मराठ्यांनी मराठी आरमार इंग्रजांच्या मदतीने जाळलं, ही गोष्ट विजयदुर्गच्या बुरुजावर उभं राहिलं की टोचतेच.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग, या एकाच जिल्ह्यातले.

हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला, हे खरं का?

अभिमानाने सांगितलं जातं, फलकांवरही वाचायला मिळतं, पण तारखा जुळत नाहीत. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या वर्णपटावरचं महत्त्वाचं निरीक्षण केलं ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी, आंध्रातल्या गुंटूरहून. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाशिवायच ऑक्टोबरात सूर्याच्या वर्णपटावरची पिवळी रेषा पाहिली आणि पुढे तिच्यामागे नवं मूलद्रव्य, म्हणजे हेलियम, असल्याचं मांडलं. लॉकयर विजयदुर्गला आले हे शंभर टक्के खरं, मात्र तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मोहिमेचे. दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन गोष्ट तयार झाली.

1898 ची खरी मोहीमही काही कमी थरारक नाही. ब्रिटिश आरमाराच्या बोटीतून दुर्बिणी उतरवल्या, खलाशांना निरीक्षणाची तालीम दिली आणि दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी किल्ल्यात तळ ठोकला. मुलांना हीच सांगावी.

सावंतवाडी संस्थानाबद्दल थोडक्यात सांगा.

सावंत-भोसले घराण्याचं राज्य. आदिलशाही, मराठे, पोर्तुगीज आणि कोल्हापूरकर यांच्या चिमट्यात राहून टिकलं, यातच त्यांच्या मुत्सद्देगिरीची कल्पना येते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे आजचे गोव्यातले तालुके एके काळी याच राज्याचे, अठराव्या शतकात ते पोर्तुगीजांकडे गेले. म्हणून पेडण्याची बोली, देवस्थानं आणि सोयरिकी आजही दक्षिणेपेक्षा उत्तरेकडे जास्त वळतात. 1844 मध्ये मनोहरगड परिसरात गडकऱ्यांचं बंड झालं. ते मोडायला इंग्रजांना मोठी फौज आणावी लागली.

शहरात मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळी. लाकडी फळं, खेळणी आणि गंजिफा, म्हणजे जुना पत्त्यांचा खेळ, ही इथली कला. हाताने रंगवलेली गोल पानं, दशावतारी गंजिफात 120. विसाव्या शतकात हा खेळ जवळपास संपला होता. राजघराण्याने वाड्यात कारागीर बसवून तो पुन्हा उभा केला.

तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे, मग गोव्यात कसा?

सीमेवर फिरणारे हटकून बुचकळ्यात पडतात. किल्ला बांधला सावंतवाडीकरांनी, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि तो त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे नदीच्या उत्तर तीरावरचा हा चिमुकला तुकडा गोव्याचा. रेडीहून रस्त्याने पाच-दहा मिनिटांत पोचता. गोव्याच्या उरलेल्या भागातून यायचं तर फेरीबोट.

रेडीच्या खाणींचं काय?

लोहखनिज. अनेक दशकं काढलं, तिथल्याच बंदरातून बाहेर गेलं. रोजगार मिळाला आणि लाल धूळही. खोदकामात 1976 मध्ये द्विभुज गणपतीची मोठी मूर्ती सापडली, आज तिथे रांगा लागतात.

शेतीत हापूस सोडून काही आहे का?

भात आहे, कुळीथ आहे, नारळ-सुपारी आहे, कोकम आहे. दोडामार्गला केरळी शेतकऱ्यांनी आणलेलं रबर आणि अननस आहे. पण पैशाचं पीक म्हणाल तर आंबा आणि काजू.

काजूच्या बाबतीत वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र हे जिल्ह्याचं न मिरवलेलं वैभव. ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या काजूच्या जाती तिथल्या, नीलम आणि हापूसच्या संकराचा ‘रत्ना’ आंबाही तिथलाच. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला, आणि आता इथल्या डोंगरउतारांवर तो जन्मापासून असल्यासारखा वाढतो.

देवगडच्या हापूसची तारीफ सगळे करतात, त्यामागचा जुगार कमी लोकांना दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली तर मोहोर. मोहोर आला की ढगाळ हवेची धास्ती, कारण मग तुडतुडे आणि फुलकिडे. फवारणी एकदा, दोनदा, पाचदा. फळ धरलं की अवकाळी, उष्म्याने फळगळ, आणि वानर. राखणीला बागेत नेपाळी कुटुंबं हंगामभर राहतात. सुरुवातीच्या पेटीला मिळणारा भाव पेपरात छापून येतो. एप्रिल अखेरीस आवक वाढल्यावरचा भाव छापत नाहीत. बऱ्याच बागा मालक स्वतः करत नाहीत, करारावर देतात, कारण मालक मुंबईत.

घरी पेटी आणलीत तर आंबे गवताच्या अढीत ठेवा आणि दर दिवशी वरखाली करा. देठाशी किंचित सुरकुती आली आणि घरभर वास सुटला की कापा. फ्रिजमध्ये कच्चा हापूस ठेवणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही.

रापण म्हणजे काय? अजून चालते का?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढून केलेली मासेमारी. अजून चालते, पूर्वीसारखी नाही. पहाटे जाणता माणूस पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झड बघून मासळीचा अंदाज घेतो. होडी जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसं दोरीला लागतात. कमरेला आडवी दोरी, पाय वाळूत रोवलेले, मागे मागे चालत ओढ. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. शेवटचा खोळ वर आला की तारली, बांगडे, पेडवे वाळूवर उसळतात. तिथेच वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. सुट्टीवर आलेल्या मुलाने दोरीला हात लावला तरी त्याच्या हातात चार बांगडे पडतात.

ही मासळी किनाऱ्याजवळ आली तरच रापण. यांत्रिक ट्रॉलर, पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांवरची मासेमारी यांनी ती आधीच उचलली तर रापणकाराने काय ओढायचं? मालवणच्या समुद्रात या भांडणाने अनेकदा हाणामारीचं रूप घेतलं आहे. शासनाने नियम केले, अंमलबजावणी हा वेगळा विषय. जून आणि जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात समुद्राला श्रीफळ अर्पण होतं आणि मग हंगामाची खरी लगबग.

मालवणच्या पाण्यात खरंच प्रवाळ आहे का?

आहे. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा 29 चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांनी तेव्हापासून विरोध केला आहे, कारण त्यांना न विचारता रेषा आखली गेली. आता त्याच खडकांवर स्कूबा डायव्हिंगचा धंदा उभा राहिला आहे आणि कालच्या मासेमारांची पोरं गाइड आहेत. प्रवाळावर पाय देऊन फोटो काढू नका, एवढं जरी पाहुण्यांनी पाळलं तरी पुष्कळ.

विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचं मोठं बुडालेलं प्रवाळ-पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला आहे.

दशावतार, गाऱ्हाणं, गावपळण : हे सगळं काय आहे?

एकेकावर वेगळं पान लागेल, थोडं सांगते.

प्रत्येक गावाचा कारभार देवाच्या नावाने चालायचा : रवळनाथ, सातेरी, माउली, वेतोबा, भूतनाथ. बारा-पाचाचे मानकरी, गुरव, घाडी, प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुठलीही शुभ गोष्ट गाऱ्हाण्याने सुरू होते. गावकार देवाला थेट, मालवणीत, हक्काने सांगतो की बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि जमलेले एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. हे ऐकताना मुंबईत जन्मलेल्या पोरांच्याही अंगावर काटा येतो.

दशावतार म्हणजे कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांतलं रात्रीचं नाटक. संहिता लिहिलेली नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि मध्यरात्रीनंतर ते रंगतं. संकासुराने हसवायचं, पुरुष नटाने नऊवारी नेसून रडवायचं, हार्मोनियम-पखवाजाने तोल सांभाळायचा, आणि सकाळी तोच नट शेतात किंवा एसटीच्या रांगेत. पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत, त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

गावपळण आचऱ्याची प्रसिद्ध. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरांसकट वेशीबाहेर झोपड्या घालून राहायला जातो. तीन रात्री गाव रिकामा. भुताखेतांची गोष्ट सांगणारे सांगतात, काहींना त्यात रोगराई टाळण्याची जुनी युक्ती दिसते. राहायला जाणाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील की एवढी मजा गणपतीतही येत नाही.

लोकसंख्या घटते आहे हे खरं?

2001 च्या जनगणनेत 8,68,825. 2011 मध्ये 8,49,651. राज्य वाढत असताना हा जिल्हा आकसला. शंभरातले सत्त्याऐंशीहून जास्त लोक खेड्यात राहतात, आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,036. या शेवटच्या आकड्याचं कौतुक करणारे लेख येतात. तो प्रगतीचा आकडा कमी आणि मुंबईला गेलेल्या पुरुषांचा जास्त आहे.

मुंबईच्या गिरण्यांपासून हे चालू आहे. आधी वेंगुर्ला-मालवणहून बोट, मग एसटीची रातराणी, 1998 पासून कोकण रेल्वे. दर महिन्याच्या मनीऑर्डरीवर घरं चालली, शाळा बांधल्या गेल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्याचा धक्का लालबाग-परळइतकाच कणकवली-देवगडच्या वाड्यांना बसला. रेल्वेमुळे लोक परत येतील असं वाटलं होतं. जाणंच सोपं झालं. 2021 मध्ये चिपीला विमानतळ सुरू झाला, पण गणपतीला गावी जाणाऱ्याचा जीव अजून रेल्वेच्या आरक्षणातच अडकलेला असतो.

मोठ्या चौसोपी घरात एक म्हातारी आणि दाराला कुलूप लावलेल्या सात खोल्या, प्रत्येक खोलीची किल्ली वेगळ्या उपनगरात : हे चित्र वाडीवाडीत दिसेल. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असल्यामुळे घर दुरुस्त करायचं तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणून पडतात घरं.

इथली मोठी माणसं कोण?

यादी लांब आहे. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म 1837 चा, मालवणचा. संसद गाजवणारे बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. कणकवलीत गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन जन्माने इथले नसतील, पण कोकण गांधी म्हणून त्यांना इथेच ओळखतात. भंगीमुक्ती, संडास आणि गोबरगॅसचे प्रयोग त्यांनी तेव्हा केले जेव्हा या विषयांवर बोलणंही लोकांना नको होतं. शिरोड्याचा 1930 चा मिठाचा सत्याग्रहही विसरू नका.

यायचं कधी आणि बघायचं काय?

1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून सगळे डिसेंबरात तारकर्लीला येतात. गर्दी, महाग खोल्या, मासळीचे भाव दुप्पट. जमलं तर नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत या. जत्रा चालू असतात, उकाडा नसतो. सड्यावरची फुलं बघायची तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. खाण्यासाठी पाटी बघून आत शिरण्यापेक्षा, राहता त्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा : तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. वडे-सागोती हवी तर तसं सकाळीच सांगावं लागतं, वड्याचं पीठ आधी भिजवतात. आंबोलीला पावसात जायचं असेल तर शनिवार-रविवार सोडून जा आणि गाडी घाटात मध्येच उभी करू नका, मागे एसटी असते.